मध्यम

कलावंतीण नको. त्या पायऱ्यांचे फोटो बघूनच
माझ्या पोटात गोळा येतो, हे सांगितलं नाही;
म्हटलं, अप्पांचा गुडघा.
कर्नाळ्याला माकडं फार.
माहुली लांब, आणि महानंदा उदगीरहून
रात्रभर बसमध्ये अवघडून आलेली.

खारघर, दहावा मजला.
टेबलावर नकाशा, नकाशावर पोह्यांची ताटली.
वांगी निवडावीत तसे मी डोंगर बाजूला काढत गेलो:
हा जून, हा किडका,
हा सृष्टीला कंटाळवाणा.
मध्यम पाहिजे, म्हणत होतो,
दमवणारा नको, अगदीच बागेतला नको.

महानंदा गॅलरीत, पिवळ्या टॉवेलने केस पुसत:
"आणि हा कुठला रे?"
हा म्हणजे समोरचा.
बारा वर्षं ज्याच्यावरून
फक्त ऊन सरकताना बघितलं.
नाव मला सांगता येईना.

रविवारी सहाला निघालो.
अप्पा गुडघ्याला पट्टा आवळून
शेताचा बांध चढावा तसे चढले.
सृष्टी केव्हाच पुढे.
तिसऱ्या वळणावर मी खडकावर टेकलो,
न सुटलेली बुटाची नाडी
सोडून पुन्हा बांधली.
महानंदा काही बोलली नाही.
शेंगदाण्याचा लाडू काढला, मोडला,
मोठा तुकडा मला दिला,
शाळेच्या मधल्या सुट्टीत द्यायची तसा.

वरून आमची इमारत काडेपेटीएवढी.
"मामा, आपला टॉवेल!" सृष्टी ओरडली.
मला दिसला नाही.
महानंदाने डोळ्यांवर हात धरून
बराच वेळ बघितलं.
"वाळला असेल," म्हणाली.