दुसरा रकाना

दांडिया बाजारच्या सहकारी बँकेत
चौदा वर्षं मी रोजकीर्द मिटवते.
पाच पैशांचा फरक आला तरी घरी जात नाही.
म्हणून केतकीच्या फिट्सचीही वही घातली.
सोमवार, सकाळी सव्वासात, चार मिनिटं. दूध उतू.
बुधवार, शाळेत, अकरा. पी.टी.च्या सरांनी मोजली.
शनिवार, जिन्यात, सहा.
खालच्या भानुबेन चप्पल घेऊन धावल्या हुंगवायला,
कुणी चमचा, कुणी कांदा,
आणि कुणीतरी मोबाइल उभा धरून.

मग तो दिवस.
केसांत पांढरी पेस्ट, वायरींची वेणी, भिंतीवर कॅमेरा,
आणि झटका आला, सगळ्यांदेखत.
हात, मान, टाचा.
डॉक्टर वसावडा स्क्रीनवरच्या रेघा बघत राहिल्या.
म्हणाल्या, ही नुसती हलण्याची खरखर.
मिरगीची वीज यात कुठेच नाही.

मी तेव्हा जे विचारलं
ते वहीत लिहिलेलं नाही.
विचारलं, म्हणजे नाटक करते?

केतकी शुद्धीवर होती.
डोळे मिटून ऐकत होती.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली ती माझ्याकडे नाही, तिच्याकडे.
तू मुद्दाम करत नाहीस, मला माहितीय.
येतं ते खरंच येतं.
शरीर एक रस्ता शिकून बसलंय,
आपण त्याला दुसरा दाखवू.
गोळ्या एकदम नाही थांबवल्या,
आठवड्या-आठवड्यानं एकेक पायरी उतरवल्या.

त्या रात्री पेस्ट काढायला
तिचं डोकं मांडीवर घेतलं.
चुकले गं, एवढंच म्हणायचं होतं.
त्यासाठी मला तीन वेळा तेल कोमट करावं लागलं.

कारण मात्र मला एकच हवं होतं.
बाबांची कोयलीची रात्रपाळी?
हेत्वी सुरतेला गेली ते?
की पुरात माळ्यावर काढलेली ती रात्र?
समुपदेशनाच्या झंखनाबेन म्हणाल्या,
असेल. नसेलही. थोडं थोडं सगळंच असेल.
बेरीज एका आकड्यावर यायलाच हवी असं नाही.
चौदा वर्षांत हे मला कुणी ऐकवलं नव्हतं.

त्यांनी वहीत दुसरा रकाना आखायला लावला:
आधी काय झालं.
तो मी भरायचा नाही. तिनं.
दोन आठवडे कोरा.
मग एका पानावर, हिरव्या पेनानं:
विश्वामित्रीतल्या मगरीसारखं.
आधी नुसतं पाणी हलतं.

पाणी हलतं म्हणजे बोटांत मुंग्या,
बाईंचा आवाज शेजारच्या वर्गातून आल्यासारखा.
तेव्हा ती बूट काढते, तळवे लादीला टेकवते,
श्वास लांबवर सोडते,
खिडकीतून दिसतील तेवढ्या निळ्या वस्तू मोजते.
कधी जमतं. कधी सातव्या वस्तूला घसरते.

पुरात आमच्या अंगणात आली होती ना एक, ती म्हणाली,
ती पोरं आली, ओरडली नाहीत,
ओलं गोणपाट टाकलं डोळ्यांवर, गप झाली.
चावायला नव्हती आली आई.
पाणी चढलं म्हणून वाट चुकली.

आता आमच्याकडे गोणपाट म्हणजे
डोक्याखाली उशी, चष्मा बाजूला,
जवळ एकच माणूस, आवाज हळू. तोंडात काही नाही.
भानुबेन जिन्यातली गर्दी दारातूनच परतवतात,
जाव जाव, अहीं पिक्चर नथी.
शाळा घरी पाठवत नाही.
दहा मिनिटं लायब्ररी, मग पुन्हा तोच बाक.
सर अजून घड्याळ बघतात.
त्यांचीही सवय जाईल हळूहळू.

मिनिटांचा रकाना मी भरत नाही हल्ली.
फरक राहतो. तसाच ठेवून दिवा मालवते.

आजचं पान तिचं आहे:
गुरुवार. पाणी हललं. आली नाही.
शुक्रवार. आली. छोटी.
नंतर सेव-उसळ. तरी जास्त मागितली, दिली.