सहा खिडक्यांची गाडी

अठ्ठावीस वर्षं बेळगावात, खडेबाजारात,
मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा सरकवल्या.
आता बरं की मघाशी बरं?
आता? की मघाशी?
मग दुकान विकलं, जुनी ट्रॅव्हलर घेतली,
सीटा काढून पलंग बसवला
आणि सुताराला बजावलं, खिडक्यांना हात लावू नकोस.
सहाच्या सहा राहू देत.

गालजीबागला, सुरूच्या बनाशी, दहाव्या दुपारी
पोहून आले तर
डावीकडची मागची काच नव्हती.
फुटलेली म्हणवेना, सांडली होती ती
अंथरुणभर, जाडं मीठ सांडावं तशी.
गॅस जागेवर. पैसे तूरडाळीच्या डब्यात, जागेवर.
गेली ती चाचणीची पेटी:
मखमली खाचांत दोनशे सव्वीस भिंगं,
लाल कड्यांची उणे, काळ्या कड्यांची अधिक.
कुलूप होतं ना तिला. पितळेचं, छोटं.
अख्ख्या गाडीत तेवढ्या एकाच वस्तूला
मी आतून कुलूप लावलं होतं.

चावडीवरचा इजिदोर नवी काच घेऊन आला,
डॉक्टर जीभ बघतो तसा एकेका खिडकीत डोकावला.
काळी फिल्म लावली तर पोलीस बघतात, म्हणाला,
नाही लावली तर चोर बघतात.
सळ्या घाल गो बाये, बारा एमएमच्या.
आत आग लागली तर? मी विचारलं.
मग एक खिडकी सोड.
कुठली?
त्याने पान्याने कान खाजवला.
'तें तूं थारय.'

पुढच्या दोन्ही दारांच्या मुठींतून साखळी ओवली.
बाजारातून दहा नंबरच्या पुरुषी चपला आणल्या,
पायरीशी ठेवल्या, रोज थोड्या हलवते,
नाहीतर वाटायचं, हा माणूस फारच दिवस झोपलाय.
कुत्र्याचं ताट ठेवलं. कुत्रा नव्हता.
आता एक येतो, जेवतो, जातो.
भुंकत नाही.

अडले ते पडद्यापाशी.
ओढला की चोराला वाटणार, आत काहीतरी आहे.
उघडा ठेवला की दिसणार, आत मी आहे.
काचेचं सगळं मला ठाऊक, असं वाटायचं.
पण ती दोन्हीकडून काच असते
हे गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना कशाला सुचेल?

कधी कधी तो डोळ्यांपुढे येतो, पेटी मांडीवर,
कुठल्यातरी बांधावर बसून
उणे आठ डोळ्याला लावणारा.
सगळं गाव बारीक होऊन लांब गेलं असेल त्याच्या.

रात्री वनखात्याचा दामू वेळीप वाळूत बसतो.
कासवाच्या अंड्यांभोवती चार काठ्या, हिरवी जाळी,
पुठ्ठ्यावर तारीख आणि आकडा: एकशे अकरा.
मी म्हटलं, दामू, एवढंच?
ही जाळी तर कोणीही काढील.
'काडटलो,' तो म्हणाला. 'म्हणूनच हांव आसां.'

आणि बॅटरी काखेत धरून वही उघडली,
हात लांब, अजून लांब,
हात संपला तरी अक्षर जुळेना.
अधिक पावणेदोन. अंधारातसुद्धा सांगते मी.
काळ्या कड्यांची, दुसरी ओळ, सातवी खाच.

इजिदोरने सळ्या बसवल्या, पाच खिडक्यांना.
सहावी उशाशी आहे, समुद्राच्या बाजूची.
तिच्यावर पहाटे दामू टकटक करतो,
चपलांना वळसा घालून येतो, त्याला ठाऊक आहे त्या कुणाच्याच नाहीत.
मी काच सरकवते. तो वही आत देतो,
रात्री अंदाजाने लिहिलेलं.
मी उशी पाठीशी घेऊन मोठ्याने वाचते,
चुकलं तिथे तो बाहेरून दुरुस्त करतो:
दोन वाजून दहा. उत्तरेकडून.
खुणा गाडीच्या चाकापर्यंत.
थांबली, वळली, परत गेली.
अंडी नाहीत.