बाही

मकरपुऱ्यात पंपांचा कारखाना.
कँटीनमध्ये दोन टेबलं जोडून मी मांडामांड केलेली:
सुया, कापूस, जांभळ्या टोपणांच्या नळ्या.
छातीवर बिल्ला, वैदेही कारखानीस.
"कारखान्यात कारखानीस!" कुणीतरी म्हणालं, रांग हसली.
सकाळी आठला, उपाशीपोटी, तेवढंच.

फॉर्मवर साखर, हिमोग्लोबिन, कावीळ,
आणि सगळ्यात खाली, मागाहून हातानं लिहिलेली
तीन इंग्रजी अक्षरं.

"हे यांना सांगितलंय?"
मेहुलभाईंनी मोबाइलमधून मान वर केली नाही.
"बेन, भरतीच्या वेळी सही घेतलीये ना,
त्यात सगळंच आलं."

सगळंच.
म्हणजे नळीत उतरलं की रक्त कंपनीचं,
खुर्च्या-पंख्यांसारखं, नंबर टाकून?

मग मी एकेकाला विचारत गेले, हळू आवाजात,
मराठीत, गुजरातीत, मोडक्या भोजपुरीत:
ही खालची तपासणी एचआयव्हीची. नाही म्हणता येतं.
नाही म्हटलं म्हणून कामावरून काढता येत नाही.
तसा कायदा आहे.
पुष्कळजण म्हणाले, घ्या की, आपलं काय जातंय.
एकानं विचारलं, घरी पत्र जातं का?
आणि एकानं पुढे केलेला हात मागे घेतला,
बाही खाली ओढली,
मनगटाचं बटण लावलं. ते लागेना. पुन्हा लावलं.
त्याचं नाव सांगणार नाही. टोकन नंबरही नाही.

"कोण कोण नाही म्हणालं, तेवढी यादी द्या."
मेहुलभाई आता उठून उभे होते.

यादी.
न काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट.

मी निळं पेन घेतलं
आणि बेचाळीस फॉर्मांवरची शेवटची ओळ खोडली.
घ्या म्हणणाऱ्यांचीसुद्धा.
एकोणिसाव्याला पेन अडलं, तळहातावर घासून चालू केलं.
पुढच्या वर्षीचं कंत्राट गेलं, हे कळत होतं,
संध्याकाळी लॅबमध्ये आपटेसाहेब काय बोलतील
तेही जवळजवळ पाठ.

रांग पुन्हा सरकली.
तो आला. खोडलेली ओळ बघितली, बाही वर केली.
शीर चांगली होती, पहिल्या टोचणीतच लागली.
त्यानं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
नळी आठ वेळा उलटसुलट केली, नियमाप्रमाणे,
आणि सवयीनं उजेडाकडे धरली.
नुसत्या डोळ्यांना
त्यात कुणाचंच काही दिसत नाही.