हातचा

कुओपिओच्या आरोग्य केंद्रात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीखाली गोठलेलं तळं.
ऑइली तिइहोनेन, वय एकाहत्तर,
बूट दाराशी काढून लोकरी मोज्यांवर आत येते,
काट्यावर उभी राहते आणि श्वास रोखून धरते.
एकोणसत्तर किलो दोनशे, मी लिहिते.
रक्तदाब पाच मिनिटं थांबून दुसऱ्यांदा घ्यायचा,
कारण पहिला आकडा जिना चढून आलेला असतो.

मग तक्ता.
इथे गुण जितके जास्त तितकं वाईट,
हे सांगताना मी दरवेळी अडखळते.
चालणं: शून्य.
कोलेस्टेरॉल: एक. लोणी सोडणार नाही, ती म्हणते,
पातळ लावीन.
शाळा किती वर्षं?
"सहा. मग आईचं बाळंतपण आलं, आणि गोठ्यात पाच गाई."
तीन गुण.
माझं पेन थांबत नाही.
गोळीनं दाब उतरतो, मीठ कमी करता येतं,
पण छप्पन्न सालच्या हिवाळ्यात
वर्गाऐवजी गोठ्यात शिरलेल्या मुलीला
परत बाकावर बसवेल
असा व्यायाम आमच्याकडे नाही.

दहा शब्द मी वाचते. चमचा, पूल, मेणबत्ती, कोल्हा...
वीस मिनिटांनी तिला सात आठवतात.
कोट घालताना मात्र, न विचारता:
मान्सिक्की, हेलुना, ओमेना, मुस्तिक्की,
"आणि लाथ मारायची ती तॅहिक्की. हे धरलंस का?"
नाही धरत.
मी कागदाच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवलं.
संगणक कडा वाचत नाही.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली.
चार किलो कमी, दाब खाली.
ती कोणत्या गटात, शिकवलेल्या की नुसता सल्ला दिलेल्या,
मला ठाऊक असू नये असा नियम.
तिच्या हातातल्या चालायच्या काठ्या
मी पाहिल्या नाहीत.
दोन गुण उतरले. पण मधे वाढदिवस आला होता,
वयाचा रकाना बदलला, एक चढला.
ती हसली.
"म्हणजे मी पोहत काठाला आले
आणि तू तळं रुंद केलंस."

काय सांगणार तिला?
की आम्ही जे मोजतो ते घडलेलं नसतं.
एक सकाळ, जिच्यात ती चुलीपुढे उभी राहून
कॉफी आधी की पाणी, असं कुणाला विचारत नाही.
ती न आलेली सकाळ
कुठल्या रकान्यात टाकू?
हजार बायका, हजार चुली, आणि त्यातल्या काही
विचारणार नाहीत.
कोणत्या, ते त्यांनाही कळणार नाही.
आभार मानायला कुणी येणार नाही,
हेच यश, असं बैठकीत ठरलं आहे.

एका रात्री घरी, जुन्या दवाखान्याच्या कार्डांवरून
मी बाबांचे गुण काढले.
पन्नाशीतले एएलिस: सडपातळ, रोज स्कीवर, बारा वर्षं शाळा.
चार. फक्त चार.
पुन्हा केली बेरीज. चार.
तक्ता चुकला नव्हता. कमी म्हणजे शून्य नव्हे,
हे मीच लोकांना समजावते.

रविवारी त्यांच्याकडे जाते. सिलिनयार्वीला, दुसरं दार, डावीकडे.
लाकडाच्या गिरणीत हजेरी लिहायचे ते;
माझ्याशी आता हवामानावर बोलतात, बाईसाहेब म्हणून.
आमच्या भाषेत हातच्याला
'आठवणीचा आकडा' म्हणतात.
तो त्यांनीच मला शिकवला होता, बोट दुमडून.
परवा वर्तमानपत्राच्या कडेला मी लिहून दिलं:
अठ्ठेचाळीस अधिक सदतीस.
आठ आणि सात, ते पुटपुटले. पाच लिहिले.
मग खिडकीबाहेर बर्फ झाडणारं यंत्र गेलं,
ते बघत राहिले, आणि पेन्सिल गळून पडली.

मी निघाले तेव्हा अंधार पडला होता.
मांडीवर त्यांचा डावा हात तसाच,
चार बोटं सैल
आणि एक अजून दुमडलेलं.