पातळी

नाशिकला थंड असतं, असं कोणीतरी
दिगंबरला ऑफिसात सांगितलेलं.
पहाटे चारला निघायचं ठरलं
आणि साडेआठला चाळीसगाव सुटलं:
पाच माणसं, एक थर्मास, कलिंगडाचा डबा,
आणि बापूंची छत्री, जी ते मांडीवरच धरून बसले.

मालेगावला ऊन चढलं.
राहुड घाटात गाडीचा एसी
आधी खोकला, मग गप्प झाला.
"खिडक्या उघडा," बापू म्हणाले, "फुकटचा वारा आहे."
वारा होता. तव्यावरून आलेला.

लॉज रविवार कारंजाच्या मागे.
मॅनेजर म्हणाला, गंगेवर संध्याकाळी जा,
आत्ता पायऱ्या भाजतील.
कृत्तिकाने मोबाइलवर नकाशा पाहिला:
"गंगा? इथे तर गोदावरी लिहिलंय."
"लिहिलं असेल," तो म्हणाला,
आणि किल्ली सरकवली.

दुपार फरशीवर काढली, ओल्या टॉवेलवर,
मिसळीचा झणका अजून कानात.
शंतनू दुसरी जिलबी हवी म्हणून रडत झोपला.
मी पंख्याची पाती मोजत हिशेब करत होते:
दोन दिवसांच्या या खर्चात
घरी कूलर आला असता.

बापूंनी एकतीस वर्षं गिरणेची पातळी वाचली.
पाटबंधारे खातं. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी,
सकाळी आठ, संध्याकाळी सहा,
पुरात दर तासाला, कंदील घेऊन.
रिटायर झाल्यावर
पिंपातलं पाणीही बोटांनी मोजायचे.
सासूबाई गेल्या, मग तेही नाही.
आता विचारलं तरी सांगतात, "असेल पुरेसं."

उन्हं उतरल्यावर खाली गेलो.
पात्रात नदी थोडी, काँक्रीट फार.
दुतोंड्या मारुती कोरडा उभा,
शेंदूर तापून चकाकणारा,
पायाशी लावलेल्या स्कुटरी
आणि बर्फाच्या गोळ्याची गाडी.
"हा आमचा मीटर आहे, काका," गोळेवाला म्हणाला.
"कमरेला पाणी आलं की खालची दुकानं आवरायची.
गळ्याला आलं की…"
पुढचं त्याने सांगितलं नाही,
गोळ्यावर काला खट्टा ओतला.

बापू थबकले.
चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.
बदली होऊन गेलेला जुना सहकारी
भलत्याच गावी भेटावा, तसं त्याच्याकडे पाहिलं.
"ड्युटीवर आहेत," म्हणाले.
"वाचायला मात्र काही नाही."

तोवर पोरं पाण्यात.
कोणाच्या पिंडाची फुलं, एक चप्पल,
एका बाईने सोडलेला द्रोण त्यांच्या पायांमधून गेला.
मी ओरडणार होते, शेवाळ आहे, घसराल,
तेवढ्यात बापूच ओरडले:
"कृत्तिका! उभी राहा. हलू नकोस."
ती घाबरून उभी राहिली.
शेवटच्या पायरीवर ते छत्री टेकून वाकले,
किती तरी वेळ वाकलेलेच.
"बापू, थंड आहे!"
"थंड लिहीत नसतात. गप उभी राहा."

रविवारी पांडवलेणी राहिली, पायऱ्या बघूनच.
भांडीबाजारात तांब्या घेतला,
उन्हात ठेवलेला, हातात धरवेना.
चिवडा परतीच्या वाटेवर चांदवडलाच संपला.
दिगंबर म्हणाला, पुढच्या वेळी डिसेंबरात.
कोणी काही बोललं नाही.

सोमवारी सदरा भिजवताना
खिशात लॉजचं बिल सापडलं.
मागे पेन्सिलीने, तेच सरळ सरकारी अक्षर:

वेळ सहा चाळीस.
कृत्तिका: घोट्यावर दोन बोटं.
शंतनू: अर्धी पोटरी. पळाला, वाचन अंदाजे.
पाणी वाहते.

खाली सही.
सहीच्या खाली एक शब्द
लिहून खोडलेला,
तरी वाचता येत होता:
थंड.