अनुभवाचा रकाना

डुलुथची टेकडी उतरते रात्री साडेदहाची बस
तेव्हा तळ्यावरचा बर्फ तडकलेला ऐकू येतो.
तळं नुसतं म्हणायला; पलीकडचा काठ कुणी पाहिलाय.
खिशात बावीस कार्डं, रबर लावलेली :
वीस अमिनो आम्लं
आणि दोन कोरी, चुकलेलं पुन्हा लिहायला.

छातीवर पट्टी : मायसी थाओ, साहाय्यक.
अकरा ते सात. रक्तदाब, डायपर, पाठीला मलम,
कुशीवरून कुशीवर, दर दोन तासांनी, चौदा माणसं.
सात-चाळीसला पुन्हा बस, नऊला सेंद्रिय रसायन,
दुपारी प्रयोगशाळा; तिथे एकदा
उभ्या उभ्या झोप लागली, हातात ब्युरेट,
आणि फिकट गुलाबी केव्हाच येऊन गडद होऊन गेला.
सर म्हणाले, एक थेंब जास्त झाला.
एकच?

आई शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारते,
"व्हायच्या आधीच एवढं, मग झाल्यावर गं?"
माझ्याकडे उत्तर नसतं. ताटात भात असतो, गार.
मी एका हाताने खाते, दुसऱ्याने पान उलटते.

खोली नऊ. एइनो लेहतिनेन. वय एक्क्याण्णव.
चाळीस वर्षं खनिजाच्या बोटींवर इंजिनाला तेल घातलं,
मग एका झटक्यात उजवी बाजू गेली
आणि निम्मे शब्द.
पहाटे तीनला त्यांना झोप येत नाही, मला परवडत नाही.
म्हणून एकदा कार्डं त्यांच्या डाव्या हातात दिली :
तुम्ही नाव वाचा, मी रचना सांगते.

त्यांनी वाचलं, अक्षराला अक्षर लावत : ल्यू-सिन.
थांबले. म्हणाले, "ही बुडाली."
व्हॅलिन? "बरी होती. स्वयंपाकी चांगला होता."
ट्रिप्टोफॅन आलं तेव्हा दोन्ही हात पसरायला गेले,
पसरला एकच :
"सगळ्यांत मोठी ही. हिला दोन भोंगे."
मी हसले. मग गप्प झाले,
कारण खरंच सगळ्यांत मोठं तेच,
आणि त्याला दोन कडी आहेत, एकमेकांना चिकटलेली.

त्या हिवाळ्यात असा एकेक करत अख्खा ताफा पाण्यात उतरला.
आर्जिनिनच्या कप्तानाने त्यांचे नऊ डॉलर बुडवले होते,
ते त्यांनी मला सहा वेळा सांगितलं.
सरावपरीक्षेत त्या भागात माझी एकही चूक नाही.
भौतिकशास्त्रात मात्र जुनीच रड : भिंगं, लंबक, वाहते द्रव.
तिथे त्यांच्या ओळखीची बोट नव्हती.

मार्चच्या नऊ तारखेला मी सुट्टी घेतली.
पूर्ण लांबीची चाचणी, साडेसात तास, वाचनालयाचा तळमजला.
फोन बंद, नियमाप्रमाणे.
ते त्या दुपारी गेले.
दुसऱ्या रात्री खोली धुतलेली, गादी गुंडाळून उभी.
ड्रॉवरमध्ये एक कार्ड राहिलं होतं, माझ्या कोऱ्यांतलं,
त्यावर डाव्या हाताचं वाकडं अक्षर : मेसी.
माझं नाव त्यांना कधी नीट आलं नाही.
की हीसुद्धा बोटच होती, कोण जाणे.

आता अर्ज. रकाना : रुग्णसेवेचे एकूण तास.
लिहिते, सहाशे अकरा.
पुढचा : यातून काय शिकलात, सातशे अक्षरांत, मोकळ्या जागा धरून.
"सहानुभूती" लिहिते, खोडते,
तो शब्द सगळेच लिहीत असणार.
"कुशीवरून कुशीवर" लिहिते. राहू देते.
गुण अजून चार कमी पडताहेत.
उद्या प्रयोगवही द्यायची आहे, आलेखाशिवायची.

पहाटेचे तीन. खाली बंदरावरचा पूल उचलला जातोय,
मोसमातली पहिली बोट आत येतेय,
एक भोंगा वाजतो.
मी दुसऱ्याची वाट बघत बसते.