तेहतीस

रबाळ्याच्या एमआयडीसीत, शेवटच्या गल्लीत
आमच्या गाळ्याला गच्ची आहे.
तिथे मी सकाळी साडेआठला काच पुसते.
तुर्भ्याच्या अर्मुगमने फुंकलेली क्वार्ट्झची काच,
तिच्याखाली पाणी, पाण्यात चमचाभर करडी पूड,
आणि तळातून बुडबुडे:
शेजारच्या बॉयलरच्या धुराड्यातला वायू
धुऊन, गाळून घेतलेला.
वर ऊन.

गोमाकाका विचारतो, काय करतेस गो तिकरं?
मी सांगते, पाणी आणि धूर उन्हात ठेवते,
त्याचं इंधन होतं.
तो हसत नाही.
मिठागरात चाळीस वर्षं काढलेला माणूस
उन्हाच्या कामाला हसत नाही.
एवढंच विचारतो, किती निघतं?

पहिल्या महिन्यात शून्य.
दुसऱ्यात, एका मंगळवारी, यंत्राच्या कागदावर
एक शिखर उगवलं. बारीक, ताठ,
ओहोटीला चिखलातून वर येणाऱ्या
तिवराच्या मुळासारखं.
मिथेनॉल, इनामदार मॅडम म्हणाल्या,
आणि मटकन खुर्चीत बसल्या.
ठाण्याहून पेढे आले. वॉचमनला दोन.

बुधवारी मीच म्हटलं, झाकून बघू या.
काचेवर काळं कापड, वरून माझी छत्री.
तेच पाणी, तीच पूड, तेच बुडबुडे.
अंधारातही शिखर आलं.
तेवढंच ताठ.

ज्या स्पिरिटने मी काच आतूनबाहेरून पुसत होते
ते मिथेनॉलच होतं.
आम्ही माझं फडकं मोजलं होतं.
उरलेल्या पेढ्यांचा खोका चार दिवस फ्रिजवर होता,
कुणी खाल्ले नाहीत, कुणी फेकले नाहीत.

काका म्हणाला, एका साली आमचं मीठ कडू झालं.
मुकादम बोलला, खाडी नासली.
खाडी कशाला नासेल?
आम्हीच घाई केली होती.
मीठ धरल्यावर मागं उरतं ते पानी कडू असतं,
ते वेळेवर सोडून द्यायचं असतं.

मग मॅडमनी एक सिलिंडर मागवला,
कळशीहून लहान, माझ्या चार पगारांचा.
वायू तोच, फक्त त्यातला कार्बन
एका मात्रेने जड. कान कापून खूण केलेल्या
शेळ्यांसारखा, कुठेही गेला तरी ओळखू येणारा.
इंधनात तो सापडला तर इंधन उन्हाचं,
नाही तर फडक्याचं.

या वेळी काच नुसत्या पाण्याने धुतली, तीनदा.
आधी अंधार: सपाट रेघ,
तळपायाला लागणार नाही इतकी सपाट.
मग कापड काढलं.
दुपारी चारला पडद्यावर आकडा आला.
साध्या मिथेनॉलचा असतो बत्तीस.
तेहतीस.
मी मोठ्याने वाचला, मॅडमनी पुन्हा वाचायला लावला.
पेढे कुणी आणले नाहीत.

किती निघतं, काका?
दिवसाला एक थेंब, तोही मोठ्या मनाचा.
साठ तासांत पूड मरते, नवी घालावी लागते.
खालच्या गाळ्यातला जनरेटर
वीज गेली की तासाला तीन लिटर डिझेल पितो.
मी हे सगळं सांगितलं त्याला.

तरी एप्रिलमध्ये त्याला गच्चीवर आणला.
महिन्याभराचे थेंब एका बशीत ओतले,
काडी लावली.
काहीच दिसेना.
मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही,
मला माहीत होतं, मी बोलले नाही.
काकाने बशीवर हात धरला, झटकन मागे घेतला.
हाय, म्हणाला.

टाकीच्या सावलीत बशी सरकवली
तेव्हा दिसली: निळी, नखाएवढी,
आपल्याच वाफेत हलणारी.
विझली, तेव्हा पाणी पाण्यात गेलं, वायू वाऱ्यात,
हिशेब जिथून सुरू केला तिथे.

काका जिना उतरताना थांबला.
म्हणाला, ती पूड मरते ना गो तुमची,
मागं उरलेलं पानी कधी सोडता?

सोडत नव्हतो.
वही उघडून मी तारीख घातली.